ई-चलान आणि ऑनलाइन डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्स: घोडबंदर रोडवर कामाचं किती?

चलानचा मेसेज आला की बरेच जण आधी गूगल उघडतात. ‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा (धोका आधीच ओळखून गाडी चालवण्याचा) ऑनलाइन कोर्स करा, तिकीट रद्द करा’ अशा जाहिराती दिसतात, किंमत डॉलरमध्ये असते, आणि दंड भरण्यापेक्षा हे परवडलं असं वाटतं. पैसे भरायच्या आधी थांबा. ती सोय अमेरिकेतली आहे, आणि तिथेही राज्याराज्यात निराळी.

टेक्सासमध्ये सहा तासांचा कोर्स आहे. आधी कोर्टाची परवानगी घ्यायची, मग कोर्स. बारा महिन्यांत एकदाच ही सवलत मिळते आणि वेग मर्यादेपेक्षा ताशी २५ मैल किंवा त्याहून जास्त असेल तर मिळतच नाही. न्यूयॉर्कचा कोर्स ३२० मिनिटांचा. त्याने तिकीट रद्द होत नाही, फक्त नियम मोडल्याबद्दल लायसन्सवर चढलेल्या पॉइंटपैकी चारपर्यंत वजा धरतात आणि विम्याच्या मूळ हप्त्यात तीन वर्षं दहा टक्के सूट मिळते. कॅलिफोर्नियात दंड भरावाच लागतो, कोर्समुळे पॉइंट विमा कंपनीला दिसत नाही इतकंच. मुलगा-सून तिकडे असलेली घरं ठाण्यात काही कमी नाहीत, म्हणून एवढं सविस्तर: कोर्स आधी करून टाकला आणि कोर्टाला नंतर विचारलं, तर टेक्सासमध्ये तो वाया जाऊ शकतो.

आपल्याकडे कोर्स करून चलान मिटत नाही. मोटार वाहन कायद्यात कोर्सचा संबंध येतो तो लायसन्स निलंबित झाल्यावर. २०१९च्या दुरुस्तीने कलम १९ मध्ये भर पडली: निलंबनाची मुदत संपली तरी रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही, आणि ते प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतूनच हवं. कुठल्याही वेबसाइटचं रंगीत प्रमाणपत्र तिथे चालत नाही. हेल्मेट नसणं आणि ट्रिपल सीट ही दोन्ही कलमं दंडासोबत तीन महिन्यांचं निलंबन सांगतात. स्कूटरवर ‘इथल्या इथे’ जाणाऱ्यांना हे सहसा माहीत नसतं.

तेव्हा चलान आलं की महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर जा, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका आणि आधी फोटो उघडा. गाडी तुमचीच आहे का, रंग-मॉडेल जुळतं का, जागा आणि वेळ बरोबर आहे का? कॅमेरा ८ ला बी वाचतो, शून्याला डी वाचतो. फॅन्सी अक्षरांची किंवा चिखलाने माखलेली नंबरप्लेट असेल तर हा घोळ हमखास होतो. चूक दिसली तर तिथेच तक्रार नोंदवा, सोबत आपल्या गाडीचा पुढून-मागून फोटो आणि आरसी जोडा. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे विकलेली गाडी. आरसीवर नाव बदललेलं नसेल तर नव्या मालकाचे पराक्रम जुन्याच्या नावावर जमा होतात.

आणि व्हॉट्सॲपवर ‘तुमचं चलान’ म्हणून एपीके (फोनमध्ये ॲप इन्स्टॉल करणारी) फाइल आली तर ती उघडूच नका. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं, आणि चलान पाहायला फाइल इन्स्टॉल करावी लागत नाही.

मग हे कोर्स बिनकामाचे का? प्रमाणपत्र बिनकामाचं. त्यातला अंतराचा हिशोब मात्र सोन्यासारखा आहे, फक्त तो आपल्या रस्त्यांवर लावून पाहायला हवा.

सुरुवात तीन सेकंदांपासून. ठाण्याच्या घोडबंदर रोडला मेट्रोचे खांब याला आयतेच मिळालेत. पुढच्या गाडीची मागची चाकं खांबापाशी आली की मोजा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. त्याआधी तुमचं बोनेट खांबापाशी पोचलं तर तुम्ही जास्त जवळ आहात. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. ब्रेककडे पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणखी २० मीटर, ओल्यावर ३५. पावसात म्हणून तीनाचे चार-पाच सेकंद करायचे. पहिल्या पावसात तर नक्कीच, कारण तेव्हा धूळ आणि सांडलेलं तेल यांचा चिकट लगदा झालेला असतो.

यावर ठरलेला आक्षेप: अंतर ठेवलं की रिक्षा घुसते. घुसू द्या. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला, अंतर परत तयार होतं. एका घुसण्याने तुमचे दोन-तीन सेकंद जातात. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत दहा रिक्षा घुसल्या तरी अर्धा मिनिट. तेवढा वेळ कापूरबावडीच्या एका सिग्नलला जातो.

आता पिवळा दिवा. सिग्नल तोडल्याची चलानं बहुतेक इथूनच जन्माला येतात. पिवळा तीन सेकंदांचा आणि वेग ताशी ५० धरा. तीन सेकंदांत गाडी ४२ मीटर जाते. ब्रेककडे पाय जाण्याचा दीड सेकंद धरून कोरड्या रस्त्यावर थांबायला लागतात ३५ मीटर. म्हणजे पिवळा लागला तेव्हा रेषा ३५ मीटरपेक्षा लांब असेल तर थांबता येतं, जवळ असेल तर निघून जाता येतं. पावसात मात्र थांबायलाच ४५ मीटर लागतात. मग ४२ ते ४५ मीटरच्या मधे असलेल्या ड्रायव्हरकडे एकही बरोबर उत्तर उरत नाही: ब्रेक दाबला तर झेब्रावर, नाही दाबला तर लालमध्ये. ताशी ४० ला हिशोब बदलतो. ओल्या रस्त्यावर थांबायला ३२ मीटर आणि तीन सेकंदांत ३३, पेच सुटला. तीन हात नाक्यासारख्या मोठ्या चौकात पावसात ४० वर यायचं ते यासाठी. लांबून बराच वेळ हिरवा दिसणारा दिवा पिवळा होणार असंच समजून चला, आणि ब्रेकआधी आरशात पाहा. मागे बस चिकटली असेल तर लवकर आणि हलका ब्रेक लावा.

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडचा त्रास वेगळा. सरळ, रुंद रस्त्यावर काही मिनिटं ८० ने गेलं की ६० म्हणजे रांगणं वाटायला लागतं. तिथे अंदाजावर जाऊ नका, स्पीडोमीटरच्या काट्याकडे बघा.

शीळफाटा, मुंब्रा बायपास, कळंबोली इथे प्रश्न कंटेनरचा. ट्रेलर डावीकडे वळताना केबिन आधी उजवीकडे जाते, डावीकडे ऐसपैस मोकळी जागा दिसते आणि बाइकवाला तिथे शिरतो. ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, कोपरा कापून आत येतात, आणि ती जागा बंद होते. ट्रेलरच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही.

कोर्स करायचाच असेल तर एक गोष्ट बघून घ्या. अमेरिकन व्हिडिओत गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे तिथलं धोक्याचं डावं वळण आपल्याकडे उजवं होतं. ब्रिटनमध्ये डावीकडूनच चालवतात, म्हणून तिथल्या लायसन्स परीक्षेतल्या हॅझर्ड परसेप्शन (धोका ओळखण्याच्या) चाचणीच्या सराव-क्लिप जास्त उपयोगी. कारच्या परीक्षेत १४ क्लिप असतात, ७५ पैकी ४४ गुणांना पास. धोका दिसू लागताच क्लिक करायचं, जितकं लवकर तितके जास्त गुण. अर्थात त्यात रिक्षा नाही, उलट्या दिशेने येणारी स्कूटर नाही.

ती उणीव बोलत गाडी चालवून भरून निघते. शेजारी कोणी असो-नसो, दिसेल ते मोठ्याने म्हणायचं. फ्लायओव्हर उतरतोय, डावीकडून सर्व्हिस रोड मिळतोय. बस थांबलीय, तिच्या पुढून कोणीतरी पळत येईल. कडेला रिक्षा उभी आहे, इंडिकेटर नाही, पण पुढचं चाक उजवीकडे वळलेलं आहे. म्हणजे निघणार.