घरी कोण नेणार?

बुधवार, २९ ऑक्टोबर

आज तसं काहीच घडलेलं नाही. डोळ्याच्या ऑपरेशनचे कागद भरायला गेले होते. पुढच्या शुक्रवारी उजवा डोळा. दोनदा पुढे ढकललाय, आता काही झालं तरी ढकलायचा नाही असं ठरवूनच गेले होते. सगळे रकाने भराभर भरले, औषधं, अ‍ॅलर्जी, आधीची ऑपरेशनं, आणि मग तो रकाना आला. ऑपरेशननंतर घरी कोण नेणार? नाव, नातं, फोन. त्याखाली ठळक अक्षरात, टॅक्सी किंवा उबर चालणार नाही, सोबत जबाबदार मोठं माणूस हवं. हात आपोआप लिहायला लागला, वहिनींचं नाव लिहिलं, नात्यापुढे मैत्रीण लिहिलं, मग सात-तीन-दोन, मग पुढचे तीन आकडे, आणि तिथे पेन थांबलं.

वहिनी ऑगस्टमध्येच इंडियात परत गेल्या की. कायमच्या. नूअर्कला विमानतळावर मीच सोडून आले, त्यांच्या बॅगा आमच्या हॉलमध्ये आमच्याच काट्यावर तोलल्या, एका बॅगेतून पुरणयंत्र काढून दुसरीत टाकलं तेही मीच, आणि तरी हाताला अजून ते ठाऊकच नाही.

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, मिस्टरांचं नाव घाला ना. म्हटलं ते इंडियात आहेत, नऊ तारखेला येतील. बरं मग दुसरं कोणी? तिने अगदी सहज विचारलं, तिचं काहीच चुकलं नाही, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी तपासणीला पण यायचंय, तेव्हाही गाडी चालवायला माणूस लागेल म्हणाली. सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर तारीख दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि रडू आलं. ३६ वर्षं झाली या देशात येऊन, त्यातली २२ याच रस्त्यावर, आणि मला दवाखान्यातून घरी आणायला माणूस नाही? ओळखी नाहीत असं नाही. मंडळातल्याच धरल्या तरी किती निघतील, गणपतीत भेटतात, गेल्या आठवड्यात दिवाळीला भेटले, सगळे म्हणाले काही लागलं तर सांगा हं. पण कामाच्या दिवशी सकाळी पावणेसातला मला घेऊन जा, चार तास तिथे बसून राहा आणि परत आणून सोड, वर शनिवारी पुन्हा ये, हे कुणाला सांगणार? वहिनींना सांगावं लागायचं नाही. मी नुसतं म्हणायचे शुक्रवारी डोळा आहे, की त्या विचारायच्या, किती वाजता निघायचं?

मुलाला सांगितलं तर सिअ‍ॅटलहून विमान पकडून येईल तो. येईलच. पण गेल्या वेळी आला तेव्हा... जाऊ दे, तो विषय आज नको.

यांना फोन केला. तिकडे सकाळ होती, बाल्कनीत चहा चालला होता. भाऊबीजेला ताईंकडे जाऊन आल्यापासून स्वारी एकदम खुशीत आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अगं मग तारीख पुढे ढकल, मी आल्यावर करू. बरोबरच आहे म्हणा, पण मला ते लागलं. मग म्हणाले, बघ, म्हणूनच म्हणतोय आता इकडे यायचं, इथे आपल्या फ्लॅटपासून हाकेच्या अंतरावर तीन हॉस्पिटलं आहेत. मी विचारलं, हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर आहेत, पण हाक मारायची कुणाला? आपल्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत एकटेदुकटे म्हातारे, त्यांची मुलं इकडे नाहीतर ऑस्ट्रेलियात. ताई ७४ च्या, त्यांचे गुडघे तसे, चिंचवडहून कोथरूडला यायला गर्दीच्या वेळी सव्वा तास. ते गप्प बसले. मग दोघांनीही ठेवला.

यांचं ते एक्सेल समोर उघडंच आहे. जूनमध्ये रिटायर झाल्यापासून तेच चाललंय, एका बाजूला राहायचं, दुसऱ्या बाजूला जायचं. मी आज पहिल्यांदा नीट वाचलं. जानेवारीत यांना ६५ पूर्ण होतील, मेडिकेअरसाठी, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, नाव नोंदवायची मुदत वाढदिवसाच्या आधीचे तीन महिने, तो महिना आणि नंतरचे तीन, म्हणजे एप्रिलअखेर. पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, फुकट, नोकरीची ४० क्रेडिट कधीच भरलीत. पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, त्याचे २०२५ च्या दराने महिना १८५ डॉलर, म्हणजे वर्षाचे २२२०, आणि दोन वर्षांनी माझे तेवढेच. मेडिकेअर भारतात चालत नाही. पुण्याला राहून पार्ट बी भरायचं म्हणजे जर्सीच्या घरात ठेवलेल्या छत्रीचं भाडं भरत पुण्याच्या पावसात भिजायचं. आणि नाही भरलं आणि दहा वर्षांनी परत यावं लागलं, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला दहा टक्के दंड, म्हणजे तेव्हा हप्ता दुप्पट, तोही जन्मभर. यांनी त्या ओळीपुढे लाल रंगात लिहिलंय, परत येऊ का? प्रश्नचिन्हासकट.

खाली पुण्याच्या बाजूला सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथलं सरकारी पेन्शन, तिकडेही मिळते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड आहेच, मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही, बाकी आजन्म राहता येतं. मग इन्कम टॅक्सचं. परत गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं आरएनओआर म्हणून धरतात, इकडच्या उत्पन्नावर तिकडे कर लागत नाही. आरएनओआर म्हणजे रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट. रहिवासी, पण नेहमीचे नव्हेत. इथे मी बराच वेळ थांबले. टॅक्सवाल्यांनी हे दोन-तीन वर्षांपुरतं ठरवलंय. माझं तर ८९ साली विमानातून उतरल्यापासून तेच आहे, आणि तिकडे गेले तरी...

एवढं सगळं त्या शीटमध्ये आहे, औषधांच्या किमतीसुद्धा आहेत, पण घरी कोण नेणार ही ओळ कुठेच नाही.


शनिवार, १ नोव्हेंबर

अजून कुणाला विचारलेलं नाही. तीन दिवस फोन हातात घेते, नाव काढते, परत ठेवते. एकीची सून बाळंतीण आहे, एकजण स्वतःच बायपासमधून उठलाय, एकीला विचारलं तर ती येईल पण पुढची दोन वर्षं ते ऐकावं लागेल.

काल हॅलोविनला वहिनींच्या घरात आता राहायला आलेली मुलगी बाळाला घेऊन दारात आली होती, बाळाला मधमाशी केलं होतं, ते पंखांसकट तिच्या खांद्यावर झोपून गेलेलं. मी तिच्या हातात चॉकलेटं ठेवली. विचारावं असं ओठांपर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं. खरं सांगायचं तर मी त्या दोघांशी अजून धड बोललेलेच नाही. ऑगस्टच्या शेवटी ते आले आणि पहिल्याच आठवड्यात वहिनींचं निळं दार करड्या रंगाचं केलं. दार त्यांचं, पैसे त्यांचे, माझं त्यात काय होतं? पण मी त्या बाजूने फिरायला जायचं सोडलं.

आज सकाळी वहिनींना फोन लावला. त्यांची संध्याकाळ होती, मागे कुकरच्या शिट्ट्या, रिक्षांचे हॉर्न. मी रकान्याचं सांगितलं, तुमचाच नंबर लिहीत होते म्हटलं, तर त्यांना हसूच आवरेना. म्हणाल्या, अगं माझंही ऐक. सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला होता त्यांना, मला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. रात्रीतून ताप चढला, सकाळी पोळ्यांच्या मावशी आल्या त्यांनी रिक्षात घालून नेलं. तिथे कागद, जवळचे नातेवाईक कोण? दीर मुलुंडला, पुतण्या बंगळूरला, लेक टेक्ससला. वहिनींनी लिहायला लावलं, मावशी. क्लार्क म्हणे नातं काय? तर परत मावशी. त्याने एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, या सत्तरीच्या, ती पस्तिशीची. आणि ती पोरगी पदर खोचून ठामपणे म्हणाली, हो, मावशीच आहे मी, कुठे करू सही?

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वहिनींच्याही आलं असणार, कारण दोघीही एकदम थांबलो. मग मी विचारलं, वहिनी, जाऊन चुकलं असं वाटतं का हो? म्हणाल्या, सकाळी वाटत नाही. संध्याकाळी सातला वाटतं. आणि भाऊ, त्यांचे मिस्टर, गेल्यानंतर जर्सीतही संध्याकाळी सातला वाटायचंच. मग म्हणाल्या, तू कुणाला विचारलंस? म्हटलं अजून कुणालाच नाही. मग?

त्या "मग?" ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं कुकर बघा तुमचा.

दिवसभर तेच डोक्यात. आपण इथे येऊन सगळं शिकलो, बर्फातून गाडी काढायला, टॅक्सचे फॉर्म भरायला, परक्या भाषेत भांडायलासुद्धा, पण मागायला शिकलो नाही. दुसऱ्याला केलं खूप. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचे आईवडील येवोत, डबे दिले, एअरपोर्टच्या फेऱ्या केल्या, मुलं सांभाळली. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. पण घेणं फक्त एका माणसाकडून घेतलं आणि ते माणूस गेल्यावर वाटतंय की देशच सोडावा. आणि तिथे जाऊन तरी काय, तिथेही एकच माणूस शोधणार, वहिनींनाच. त्या सत्तरीच्या.

यांना हे सगळं लिहून पाठवावंसं वाटलं, पाठवलं नाही. आज रात्री घड्याळं एक तास मागे. उद्यापासून पुणं साडेनऊऐवजी साडेदहा तास पुढे.


रविवार, २ नोव्हेंबर

घड्याळामुळे लवकर जाग आली, साडेसहालाच लख्ख उजेड. अंघोळ केली, चहा घेतला, परत चहा घेतला. दहा वाजता शाल गुंडाळून निघाले आणि त्या करड्या दारापाशी जाऊन बेल वाजवली. तीन घरं टाकून तर आहे, पण छातीत धडधडत होतं.

तिनेच दार उघडलं, बाळ कडेवर, केस वर बांधलेले, एक मोजा पायात एक नाही. मी पाठ करून गेलेलं सगळं एका दमात बोलले, शुक्रवार, पावणेसात, डोळा, शनिवारी पुन्हा एकदा, तुला जमणार नसेल तर अगदी मोकळेपणाने सांग. माझं पुरं व्हायच्या आधीच ती नवऱ्याला हाक मारून तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि माझ्याकडे वळली, आंटी, शुक्रवारी हा घरूनच काम करतो, लॅपटॉप घेऊन तिथे बसेल. शनिवारी मी येते. चालेल ना?

मला काही बोलताच येईना. तर तीच जरा संकोचून म्हणाली, आंटी, एक विचारू? तुम्ही आधीच्या आंटींकडे नेहमी यायचा ना? थंडीच्या आधी बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद करायचं असतं म्हणतात, आम्हाला तो व्हॉल्व्ह सापडतच नाहीये, दोन दिवस शोधतोय.

मी म्हटलं चल.

बेसमेंटचा दिवा कुठे लागतो ते माझ्या बोटांना माहीत होतं. जिना उतरताना चौथी पायरी कुरकुरते तीही कुरकुरली. लोणच्याच्या बरण्यांच्या जागी आता डायपरची खोकी. वॉटर हीटरच्या मागे, छताला लागून, वाकडं होऊन हात घालावा लागतो, दिसत नाहीच तो. वहिनींच्या घरी भाऊ गेल्यानंतरची दोन्ही वर्षं हे काम मीच केलंय, त्या खाली टॉर्च धरायच्या. हात घातला तर बोटांना आधी लेस लागली. लाल लेस, बुटाची, वहिनींनी खूण म्हणून बांधलेली, अजून तशीच गाठ मारलेली.

व्हॉल्व्ह घट्ट झाला होता. मी तिला म्हटलं तू फिरव, उजवीकडे, जोर लाव. बाळ माझ्याकडे दिलं तिने. फिरला एकदाचा. मग बाहेर जाऊन नळ उघडून ठेवायला सांगितला, आत राहिलेलं पाणी निघून जाऊ दे, नाहीतर गोठून पाइप फुटतो. नवरा बाहेरून ओरडला, थेंब थेंब येतंय, थांबलं! तिने लेस बोटाने वर करून बघितली आणि विचारलं, ही काढू का? म्हटलं राहू दे.

तिने फोन काढून नंबर मागितला, तुम्हाला सकाळी मेसेज करायला. मी सांगितला. नाव काय घालू विचारलं तिने, नुसतं आंटी घातलं तर गोंधळ होतो, आंटी खूप आहेत. मी नाव सांगितलं. पुढे तिने काहीतरी टाइप केलं, चष्म्याशिवाय दिसलं नाही.

घरी येऊन यांना फोन केला. म्हटलं तारीख तीच ठेवलीय, माणूस मिळालं. कोण विचारलं, सांगितलं. बरं झालं म्हणाले, मग थोडं थांबून, पार्ट बी चं काय करायचं? म्हटलं भरू. आणि फ्लॅट? म्हटलं फ्लॅट विकू नका, भाड्यानेही देऊ नका, वहिनींकडे किल्ली देऊन या. म्हणजे नक्की काय ठरवलंस? म्हटलं ठरवलं काहीच नाही, एप्रिलपर्यंत वेळ आहे ना, आणि आधी डोळा होऊ दे.

उद्या सकाळी नऊला त्या रिसेप्शनच्या मुलीला फोन. नात्याच्या रकान्यात शेजारी म्हणून सांगायचंय.