आमची वाटचाल : ब्रीदरवाले

आम्ही कॅच कॅन आणि ब्रीदर किट बनवतो. ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या पोटात साठणारे वायू बाहेर काढणारी नळी, आणि कॅच कॅन म्हणजे त्या वायूंबरोबर येणारं तेल अडवणारा डबा. मॉडिफाइड गाड्यांच्या जगात आम्हाला ‘ब्रीदरवाले’ म्हणतात, कोणी कौतुकाने, कोणी नाक मुरडून. इंजिन बांधणाऱ्याचं, ट्यूनरचं, टर्बोवाल्याचं नाव गाडीच्या दारावर स्टिकर होऊन मिरवतं. ब्रीदरवाल्याचं स्टिकर कोणी लावत नाही. वायू कोंडून इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल क्लचवर उतरलं, की फोन मात्र आमचाच वाजतो.

सुरुवात दोघांची. आखणी, हिशोब आणि गिऱ्हाईक माझ्याकडे, टिग वेल्डिंग भागीदाराकडे. वयाने मोठा, म्हणून त्याला सगळे दादाच म्हणत. वेल्डिंगच्या टंगस्टन सळईचं टोक तो नेहमी लांबीच्या दिशेने घासायचा, आडवं कधीच नाही. आडवं घासलं की आर्क भरकटतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी स्टेनलेसचा ब्रश वेगळा, दांड्याला पिवळी पट्टी मारलेला. तो ब्रश कोणी चुकून लोखंडाला लावला तर दादा त्याच्याशी दिवसभर अबोला धरायचा. माझ्याशीही धरलाय. पण त्याच्या हाताच्या कॅनमधून तेलाचा एक थेंब कधी झिरपला नाही.

आमच्या कॅनमध्ये पहिल्या दिवसापासून आत पडदा आहे. वायू आत शिरला की समोरच्या भिंतीवर आपटतो, वळतो, स्टेनलेसच्या जाळीतून वर चढतो आणि मगच बाहेर पडतो. तेलाचे बारीक कण जाळीला चिकटून मोठे होतात आणि खाली गळतात. रिकाम्या डब्यात हे काही होत नाही. तेलाचं धुकं एका नळीतून येतं, दुसरीतून निघून जातं, पुढे टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या आतून लेप बसतो आणि सिलिंडरमध्ये नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी पेटणं, वाढतं, कारण तेल पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला तोंड द्यायची ताकद, खाली ओढतं. हे सांगून सांगून घसा कोरडा पडला, पण गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते, “निळ्या रंगात मिळेल का?”

मधली काही वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ती गाडी आली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, बूस्ट, म्हणजे टर्बो आत कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवलेला, इंजिन बांधलेलं एका नावाजलेल्या वर्कशॉपने. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ब्रीदर किट आमचं. थोड्याच दिवसांत सायलेन्सरमधून निळा धूर. त्यांनी टर्बो बदलला. धूर तसाच. पुन्हा टर्बो बदलला. धूर तसाच. मग गाडीच्या मालकाला सांगितलं की कॅनने इंजिनचा श्वास कोंडला. तेलाने काठोकाठ भरलेल्या आमच्या कॅनचा फोटो काढला आणि तो ज्याच्या-त्याच्या फोनवर पोहोचवला. नाचता येईना, अंगण वाकडं!

फोटोखाली कोणी विचारलं नाही, की एवढं तेल कॅनमध्ये आलं कुठून?

ऑर्डरी रद्द झाल्या. तयार किट परत आले, काही तर खोकं न उघडता. दादाने काही महिने कळ काढली, मग घरच्यांकडे बघून पक्की नोकरी धरली. त्याला मी दोष देत नाही. ब्रश तेवढा ठेवून गेला.

दुकान बंद व्हायचं राहिलं ते मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे आमचं अगदी सुरुवातीचं गिऱ्हाईक, हिल-क्लाइंबवाले, म्हणजे घाट चढायच्या शर्यतीतले. स्वतः शाळेत शिकवायचे, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलणं त्यांना खपत नाही. फोटो त्यांच्यापर्यंतही गेला होता. ते थेट त्या धूरवाल्या गाडीच्या मालकाला घेऊन आले आणि मला म्हणाले, “तू बोलत बसू नकोस. मोजून दाखव.”

मोजायला आमच्याकडे काय होतं, तर पारदर्शक नळीचा इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा मॅनोमीटर. लाकडी फळीवर ठोकलेला, मागे पट्टी, आत रंगीत पाणी. एक टोक उघडं, दुसरं डिपस्टिकच्या, म्हणजे तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या, नळीला घट्ट जोडायचं. दोन बाजूंच्या पातळीत १०० मिलिमीटरचा फरक म्हणजे क्रँककेसमध्ये, पिस्टनखालच्या पोकळीत, साधारण १ किलोपास्कल जास्तीचा दाब. नळीच्या वाटेत जुन्या कार्ब्युरेटरचा एक बारीक भोकाचा जेट बसवलाय, नाहीतर पिस्टनच्या वरखाली होण्याने पाणी नाचत राहतं आणि आकडा वाचता येत नाही. आधी मास्तरांची गाडी डायनोवर, म्हणजे जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर, घेतली, आमच्या किटसकट. पूर्ण बूस्टवर पाणी जरासं हललं. मग ती गाडी घेतली, आणि मास्तरांच्याच सांगण्यावरून आमचा कॅन पूर्ण काढून ब्रीदरच्या नळ्या मोकळ्या सोडल्या. बूस्ट चढला आणि पाणी उडून छताला लागलं.

कॅन गाडीवर नाही, दाब आहेच. आता श्वास कोणी कोंडला?

लीक-डाउन टेस्ट लावली, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघितलं. तिसऱ्या सिलिंडरला हवा भरली की ऑइल फिलरला कान न लावताही फुसफुस ऐकू येत होती. पिस्टन बाहेर काढला तर वरच्या रिंगखालची लँड, म्हणजे दोन रिंगांमधला पिस्टनचा कडा, तुटलेली. कारण सरळ आहे. ८६ मिलिमीटर बोरच्या साध्या इंजिनात वरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट ०.३५ मिलिमीटरच्या आसपास चालते. बूस्ट वाढवला की उष्णता वाढते, रिंग जास्त फुगते, म्हणून फट ०.४५ ते ०.५ च्या घरात ठेवतात. नेमका आकडा पिस्टनबरोबर आलेल्या कागदावर असतो, तो कागद वाचायचा असतो. इथे फट साध्या इंजिनाइतकीच होती. रिंगची टोकं एकमेकांना भिडली, रिंग अडकली आणि लँड फुटली. जळते वायू खाली क्रँककेसमध्ये उतरू लागले आणि जाताना तेल घेऊन कॅनमध्ये आले. कॅनने त्याचं काम चोख केलं होतं, म्हणून तर भरला.

आणि टर्बोचा धूर? टर्बोचं तेल पंपाच्या दाबाने आत येतं, पण परत संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, जातं ते केवळ स्वतःच्या वजनाने. संपमध्येच दाब बसलेला असेल तर तेल उतरणार कुठे? ते तुंबतं आणि टर्बाइनच्या बाजूने एग्झॉस्टमध्ये जातं. तिथे टर्बो बदलणं म्हणजे मोरी तुंबली म्हणून नळ बदलणं. निळा धूर दिसला की टर्बोला हात लावायच्या आधी क्रँककेसचा दाब मोजा, एवढं एक ऐका.

त्या वर्कशॉपकडून खुलासा आला नाही, माफीचा तर प्रश्नच नाही. फोटो जितक्या फोनवर गेला तितक्या फोनवर तुटलेली लँड कधीच गेली नाही. मास्तरांनी मात्र पुढच्या शर्यतीत गाडीच्या दारावर आमचं स्टिकर लावलं. तेवढं एकच.

आता त्याच लोकांनी स्वतःचे कॅन बाजारात आणलेत. आरशासारखं पॉलिश, आत ठणठणीत रिकामे, मावणार अर्धा लिटर. ‘रेसिंग’ लिहिलंय वर. मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, एफआयएच्या, नियमात उघड्या ब्रीदरसाठी २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर आणि त्यापुढे ३ लिटरची टाकी लागते, हे लिहिणाऱ्याने वाचलं नसावं. वेल्ड मात्र देखणे आहेत. बघताक्षणी ओळखले मी, दादाचा हात लपत नाही.

असो. आमचं किट घ्या किंवा घेऊ नका, काही गोष्टी फुकट सांगतो.

क्रँककेसचे वायू पुन्हा इंजिनात ओढून घेऊ देणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह हा प्रदूषणवाल्यांचा त्रास आहे असं समजून तो काढून फेकणारे बरेच भेटतात. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सक्तीने आला तो धुरक्यामुळे, हे खरं. त्याआधी नळी सरळ रस्त्याकडे सोडलेली असायची. पण आयडलला आणि सावकाश चालवताना तो क्रँककेसमधून ताजी हवा खेळवतो, पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर काढतो. तो काढलात की ऑइल लवकर खराब होतं, फिलरच्या झाकणाखाली दुधाळ पिवळा थर बसतो. रस्त्यावरच्या गाडीला तो ठेवा, फक्त बूस्ट आला की घट्ट बंद होईल असा एकदिशा व्हॉल्व्ह वाटेत घाला. नाहीतर मॅनिफोल्डचा बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरतो आणि डिपस्टिक उडून बॉनेटला लागते. बूस्टवर वायू जायला दुसरी वाट लागते, ती टॅपेट कव्हरवरून टर्बोच्या तोंडाआधीच्या पाइपला. कॅन दोन्ही वाटांना हवा. गाडीला हवा मोजणारा सेन्सर असेल तर एकच टोक हवेत उघडं सोडू नका, आयडल बिघडतो.

नळी मोठी घ्या. बारा नंबरच्या नळीत वायूचा वेग कमी राहतो, तेल वाटेतच खाली बसतं. साधा रबरी पाइप तेलाने मऊ पडतो आणि व्हॅक्युमखाली चपटा होतो, वरून दिसत नाही. थंडीत कॅन लवकर रिकामा करा, निम्मं पाणीच असतं त्यात.

आणि दाब मोजायला आता पाण्याची नळी लागत नाही. किटबरोबर आम्ही डिपस्टिकच्या नळीत बसणारा अडॅप्टर देतो, त्यावर सेन्सर बसवून ईसीयूत, इंजिनाच्या संगणकात, लॉग करा. फक्त १ बारचा एमएपी सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणारा, लावू नका. तो वातावरणाच्या दाबापाशीच संपतो, वरचं काहीच दाखवत नाही, आणि तुम्ही खुशीत राहता. २ बारचा लावा. अडॅप्टर एकाच रंगात मिळेल, काळ्या.