कर्बरोची स्प्रिंट: थांबायचं दिवसभर, पळवायचं मिनिटभर

बर्मिंगहॅमला मित्राकडे मुक्काम होता आणि रविवारी कुठे जायचं यावर घरात दोन तट पडले होते. वहिनींना लिचफिल्डचं कॅथीड्रल दाखवायचं होतं, मित्राला कर्बरोला न्यायचं होतं. दोन्ही एकाच दिशेला, त्यामुळे तडजोड झाली आणि त्या तडजोडीत कॅथीड्रलच्या वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटं आली, ती पण बाहेरून. तीन सुळके आहेत, भारी आहे, निवांत बघायला हवं वगैरे म्हणालो आणि गाडीत बसलो.

कर्बरो म्हणजे लिचफिल्डच्या बाहेर शेतांमध्ये असलेला एक पिटुकला डांबरी ट्रॅक. दुसऱ्या महायुद्धात इथे हवाई दलाचा तळ होता, त्याच्याच जागेवर नंतर हौशी लोकांनी गाड्या पळवायला सुरुवात केली. एक फेरा धड किलोमीटरभरही नाही. सिल्व्हरस्टोन, म्हणजे फॉर्म्युला वनचा मोठा ट्रॅक, डोक्यात ठेवून गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत वाटेल की हेच का ते, पत्ता चुकला का?

स्प्रिंटमध्ये गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत. एका वेळी एकच गाडी सुटते, घड्याळाविरुद्ध. आधी सरावाच्या एक-दोन रन्स, मग टाइम घेतलेल्या दोन-तीन, त्यातली सगळ्यात चांगली वेळ धरायची. बस. हे प्रकरण तिकडे जुनं आहे, ब्रायटनला समुद्राकाठच्या रस्त्यावर 1905 सालीच स्पीड ट्रायल्स झाल्या होत्या. पूर्वी असल्या स्पर्धा सरळ सार्वजनिक रस्त्यांवर व्हायच्या, पण 1925 मध्ये बकिंगहॅमशरमधल्या कॉप हिलला गाडी प्रेक्षकांत घुसून एकाचा पाय मोडला आणि मग सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यतींना परवानगीच बंद झाली. त्यामुळे बंगल्यांचे खाजगी रस्ते, जुन्या धावपट्ट्या, असल्या जागा शोधणं आलं. कर्बरो त्याच वंशातलं.

सकाळी लवकर पोचलो तर पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करतात त्या आवारात, स्क्रुटिनी (शर्यतीआधीची गाड्यांची तपासणी) चालू होती. मला खरं तर हाच भाग सगळ्यात आवडला. आजूबाजूला प्रत्येक गाडीशेजारी ताडपत्रीवर संसार मांडलेला: फ्लोअर मॅट, जॅक, स्टेपनी, लहान मुलाची कारसीट सुद्धा, म्हणजे वजन जाईल तेवढं बाहेर. तपासनीस काका गुडघ्यावर बसून चाक हलवून बघतात, बॅटरी नीट आवळलीये का बघतात, हेल्मेटवरचा स्टिकर वाचतात. बॅटरीच्या अर्थच्या वायरला पिवळी टेप हवी, इग्निशन बंद कुठल्या बाजूला होतं तेही लिहिलेलं हवं, कारण गाडी उलटली तर मार्शलला, म्हणजे ट्रॅकवरच्या मदतनीसाला, आत हात घालून विचार न करता बंद करता आली पाहिजे. आणि पुढच्या बंपरवर एक काळी उभी पट्टी लावलेली असते, टाइमिंग स्ट्रट. प्रकाशाचा किरण ती तोडते आणि घड्याळ सुरू होतं. बोनेट कुणाचं उंच, कुणाचं बुटकं, पण ही पट्टी सगळ्यांची सारख्या उंचीवर.

याचा एक मजेदार परिणाम असा की हिरवा दिवा लागला म्हणून लगेच सुटायची घाई नसते. दिवा म्हणजे नुसती परवानगी, वेळ सुरू होते ती किरण तुटल्यावर. तेव्हा मार्शल मागच्या चाकाला लांब दांड्याची लाकडी पाचर लावतो, गाडी मागे घरंगळू नये म्हणून, आणि ड्रायव्हर आपला श्वास घेतो, इंजिनचे फेरे वाढवतो, आणि मनाची तयारी झाली की क्लच सोडतो. क्लच सोडताना चुकलं, चाकं जागच्या जागी फिरली, की संपलंच. एवढ्याशा ट्रॅकवर गमावलेले अर्धे सेकंद परत कुठून आणणार.

आमच्या शेजारी एक नवराबायको होते, साठीच्या आसपासचे, लाल माझदा एमएक्स-५, छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, घेऊन आलेले. गाडी एकच आणि चालवणार दोघं! हे इथे चालतं, त्याला डबल ड्राइव्ह म्हणतात. एकाचा नंबर साधा, दुसऱ्याच्या नंबरापुढे एक आकडा जास्त, तो टेपने चिकटवायचा आणि काढायचा. काका फिनिशवरून परत आले की बाई आधी पाठीमागे उशी कोंबायच्या, मग सीट पुढे, मग आरसा, तोवर काका टायरचं प्रेशर बघून टेप लावायचे, सगळं न बोलता. मी विचारलं, कोण फास्ट? काका म्हणाले, "आज रस्ता ओला आहे." बाई हसल्या फक्त. दुपारी निकालाची शीट लागली तेव्हा कळलं, बाई चार शतांश सेकंदांनी पुढे. तीच गाडी, तेच टायर, तेच पेट्रोल, सबब सांगायला जागाच नाही हो.

ओल्या रस्त्याचं मात्र खरं होतं. सकाळी भुरभुर पाऊस झाला, आणि ट्रॅक हळूहळू वाळत जातो तेव्हा नशीब क्रमावर असतं, जो उशिरा सुटतो त्याला कोरडी रेघ मिळते. सगळे वर ढगांकडे आणि खाली आपल्या क्लासच्या यादीकडे बघत. गाड्यांचे क्लास इंजिनच्या सीसीवर आणि किती बदल केलेत त्यावर. रोड-गोइंग क्लासात गाडी रस्त्यावर चालवायला कायदेशीर हवी, टायरसुद्धा. त्यातले बरेच जण तीच गाडी चालवत आलेले आणि तीच घेऊन सोमवारी ऑफिसला जाणार, त्यामुळे वळणावर घसरून गवतात गेलेल्या जुन्या प्यूजोच्या मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता.

दिवसातली सगळ्यात कमी वेळ, ज्याला एफटीडी (फास्टेस्ट टाइम ऑफ द डे) म्हणतात, ती एका सिंगल सीटरने, म्हणजे एकाच सीटच्या रेसिंग कारने घेतली. आवाज जबरदस्त, पण खरं सांगू का, तिकडे फारशी गर्दी नव्हती. गर्दी होती छोट्या हॅचबॅकवाल्यांपाशी, जिथे पहिले तिघं अगदी थोडक्यात अडकले होते आणि तिसऱ्याने पहिल्याला आपला प्रेशर गेज वापरायला दिलेला मी स्वतः बघितला. मी डोक्यात हिशोब केला, एका माणसाने अख्ख्या दिवसात गाडी पळवली ती पाच मिनिटंसुद्धा नाही. उरलेला वेळ नट आवळणं, आकाश बघणं आणि दुसऱ्याच्या बोनेटखाली डोकावणं.

मित्र परतताना माहिती काढत बसला. सगळ्यात खालच्या पायरीचं लायसन्स मोटरस्पोर्ट यूके, म्हणजे तिकडची या खेळाची मुख्य संस्था, ऑनलाइन देते, शिवाय एखाद्या क्लबचं सभासद व्हायला लागतं, हेल्मेट आणि ओव्हरऑल वेगळे. वहिनींनी मागच्या सीटवरून एवढंच विचारलं की आपल्या गाडीची कारसीट तू ताडपत्रीवर ठेवणार का.

कुणाला जायचं असेल तर: बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीटवरून लिचफिल्डला थेट ट्रेन आहे, पुढे ट्रॅकपर्यंत टॅक्सी बघा. चिखलात चालतील असे बूट घाला. आणि पॅडॉकमध्ये बिनधास्त प्रश्न विचारा, या लोकांना त्यांच्या गाडीबद्दल विचारलं की ते थांबत नाहीत, फक्त सुटायच्या रांगेत गाडी लावलेल्या माणसाशी बोलू नका, त्याचं लक्ष तुमच्याकडे नसतंच.