अटलांटा: हँक ॲरन यांच्या शेवटच्या वाटेने

२२ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेचे बेसबॉलपटू हँक ॲरन गेले. ८६ वर्षांचे होते. चर्चमधून दफनभूमीकडे निघालेली त्यांची अंत्ययात्रा मुद्दाम वाट वाकडी करून एका पार्किंगमधून नेण्यात आली. त्यांच्यासाठी अटलांटाला जाणार असाल, तर सुरुवात तिथूनच करा. आताचं स्टेडियम, ट्रुइस्ट पार्क, शेवटी ठेवा.

ॲरन यांच्या अटलांटा ब्रेव्ज संघाचं जुनं फुल्टन काउंटी स्टेडियम इथेच होतं. १९९७ मध्ये ते पाडलं. ८ एप्रिल १९७४ रोजी चौथ्या इनिंगमध्ये ॲरननी गोलंदाज (पिचर) अल डाउनिंगचा चेंडू कुंपणापार टोलवला तो इथेच. हा ७१५वा होमरन. बेब रूथचा ७१४चा विक्रम मोडला. चेंडू जिथून पार झाला तिथे कुंपणाचा तुकडा आणि ७१५चा आकडा जपला आहे. बाकी डांबर आणि पांढरे पट्टे. फोटो पाच मिनिटांत होतो, पण घाई करू नका. १९७३ या एका वर्षात या माणसाला सुमारे ९,३०,००० पत्रं आली. एका गोऱ्या खेळाडूचा विक्रम काळ्या माणसाने मोडू नये म्हणून जिवे मारण्याच्या धमक्या देणारी पत्रंही त्यांत होती. ॲरननी ती जपून ठेवली होती. त्या दडपणाखाली ते रोज बॅट घेऊन उतरत होते. त्या ७१५व्या होमरननंतर धावत होम प्लेटवर, म्हणजे फलंदाजाच्या जागी, परत पोचल्यावर आईने त्यांना घट्ट मिठी मारली. ते सगळं डोक्यात ठेवून त्या कुंपणाजवळ उभं राहिलं की मला बोलवेना.

विमानतळावरून मार्टा रेल्वेने शहराच्या मध्यात यावं आणि पुढे टॅक्सी करावी. स्टेडियमच्या या जुन्या जागेवर जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं बेसबॉल मैदान करण्याची योजना आहे, त्यामुळे आत जाता येतं का, हे आधी विचारा. सावली नाही, पाणी आणि टोपी हवीच.

पुढे साउथ-व्ह्यू दफनभूमी. ही १८८६ मध्ये कृष्णवर्णीयांनीच उभी केली. मार्टिन ल्यूथर किंग यांना आधी इथेच पुरलं होतं. त्यांचे आईवडील आजही इथे आहेत, नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईसही. परिसर मोठा आहे, ॲरन यांची जागा कार्यालयात विचारून घ्या. दिवसाउजेडी जा, टॅक्सी थांबवून ठेवा. कुणाचे अंत्यसंस्कार चालू असतील तर लांब थांबा.

ब्रेव्ज संघाचं आताचं स्टेडियम ट्रुइस्ट पार्क शहराबाहेर कॉब काउंटीत आहे, तिथवर रेल्वे जात नाही. आतल्या मॉन्युमेंट गार्डनमध्ये ॲरन यांचा पुतळा आहे आणि बॅटींनी रचलेला ७५५ हा आकडा, त्यांचे एकूण होमरन. मला पुतळ्यापेक्षा त्या बॅटी भावल्या. सामन्याचं स्वस्तातलं तिकीट काढा आणि दारं उघडताच आत शिरा, नंतर तिथे खूप गर्दी होते. पिशवी पारदर्शक लागते. सामना नसेल तर स्टेडियमची सशुल्क टूर असते, तिच्या वेळा निघण्याआधी पाहून ठेवा.