बारावीचं गणित: नीटनेटकी दिसणारी चुकीची उत्तरं

बारावी सायन्सच्या गणितात मार्क जातात ते बहुतेकदा सोपी म्हणून मनातच उरकलेल्या स्टेपमुळे. उत्तर इतकं सुबक येतं की शंकाही येत नाही.

० ते पाय या लिमिटमध्ये √(१ + कॉस २एक्स) चं इंटिग्रेशन घ्या. मुळाच्या आत २ कॉस²एक्स होतं. मुलं मूळ काढून √२ कॉस एक्स लिहितात, लिमिट घालतात, उत्तर शून्य. पण वर्गमूळ काढलं की कॉस एक्सला मोड (मॉड्युलस, म्हणजे चिन्ह सोडून किंमत) लागतो. पाय/२ च्या पुढे कॉस ऋण असतो, म्हणून तिथे इंटिग्रल तोडावाच लागतो. दोन्ही भागांचं मोडसकट उत्तर प्रत्येकी १, बेरीज २, म्हणून खरं उत्तर २√२. मूळ राशी कुठेही ऋण नाही, मग तिच्याखालचं क्षेत्रफळ शून्य कसं? एवढं विचारलं तरी चूक पकडली जाते.

टॅन इन्व्हर्स २ आणि टॅन इन्व्हर्स ३ च्या बेरजेतही तेच होतं. सूत्रात घातलं की टॅन इन्व्हर्स (−१), म्हणजे −पाय/४. दोन धन कोनांची बेरीज ऋण येऊच शकत नाही! २ × ३ हा गुणाकार १ पेक्षा मोठा आहे, म्हणून पाय मिळवायचा: ३पाय/४.

साइन २एक्स = कॉस एक्स यात दोन्हीकडे कॉस एक्सने भागू नका; कॉस एक्स = ० ची सगळी उत्तरं जातात. कॉमन काढा: कॉस एक्स (२ साइन एक्स − १) = ०.

डिफरन्शियल इक्वेशनमध्ये सी (इंटिग्रेशनचा स्थिरांक) इंटिग्रेशनच्याच ओळीत लिहा. डीवाय/डीएक्स = वाय याचं उत्तर वाय = ए·ई^एक्स. शेवटी आठवण झाली म्हणून ई^एक्स + सी लिहिलं, तर ते समीकरणात बसतच नाही, कारण त्याचा डेरिव्हेटिव्ह नुसता ई^एक्स येतो.

बोर्डाच्या पेपरात पहिल्या प्रश्नाचे ८ एमसीक्यू १६ मार्कांचे. पर्यायाच्या अक्षरासोबत उत्तरही लिहायचं असतं, आणि पहिलंच उत्तर तपासलं जातं. खोडून दुसरं लिहिण्याचा उपयोग नाही. म्हणून कच्चं काम आधी, अक्षर नंतर. एलपीपीच्या (लिनियर प्रोग्रॅमिंगच्या गणितांच्या) आलेखावर मात्र वेळ घालवू नका. ग्राफ पेपर सक्तीचा नाही, कच्ची आकृती चालते. फक्त कोपऱ्यांचे बिंदू समीकरणं सोडवून काढा, आकृतीवरून अंदाजाने नको.