मोरिन खूर आणि नखं

उलानबातरमधल्या आजच्या शिकवणीत अख्खा तास मी मोरिन खूर या गजाने वाजवायच्या मंगोलियन तंतुवाद्यावर दोनच स्वर वाजवले आणि मन भरून आलं.

तारा दोनच, पण धातूच्या नाहीत. घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या. परंपरेने जाड तारेत सुमारे 130 केस आणि बारीक तारेत 105. गज खालून, तळवा वर ठेवून धरायचा आणि त्याच हाताच्या बोटांनी त्याचे केस ताणत राहायचे. म्हणजे स्वराचा जोर प्रत्येक क्षणी आपल्या हातात! डाव्या हाताने तार पट्टीवर दाबायचीच नाही. तर्जनी आणि मधलं बोट नखाच्या मुळाशी तारेला टेकवायचं. आपल्या सारंगीवाल्यांचीही नखं अशीच झिजतात, हे आठवून फार जवळचं वाटलं.

शिक्षकांनी (इथे सगळे त्यांना ‘बग्श’ म्हणतात) घोड्याच्या दौडीचा ठेका वाजवला, तेव्हा पाय आपोआप हलू लागले. पिल्लाला दूर लोटणाऱ्या उंटिणीला मोरिन खूर वाजवून, गाऊन पान्हा फोडायची रीत गोबीच्या वाळवंटात आहे. 2015 मध्ये युनेस्कोने ती तातडीने जपायच्या परंपरांच्या यादीत घेतली. हे वाद्य ऐकायचंच असेल तर ध्वनिमुद्रणावर थांबू नका, समोर बसून ऐका.