खाताना बघू नये

समोर बसून कोणी तोंडाकडे बघत असलं की मला घास गिळवत नाही. पंगतीत चालतं. तिथे शेजारचा आपल्या पानात काय वाढलंय ते बघतो, तोंडाकडे नाही. हॉटेलातही चालतं, आपण आवडीने खातोय की नाइलाजाने, याच्याशी वेटरला काही देणंघेणं नसतं. पण खाऊ घालणाऱ्याने समोर उभं राहायचं, आपण पहिला घास घेईपर्यंत थांबायचं, भुवया किंचित वर करायच्या आणि विचारायचं, ‘कसं झालंय?’ या प्रकाराला मी लहानपणापासून भितो.

त्यामुळे लेकीने ऑक्सफर्डमधल्या खाद्यभ्रमंतीचे पैसे आमच्या नावाने परस्पर भरून टाकले आणि वर ‘प्रायव्हेट आहे हं बाबा, फक्त तुम्ही दोघं’ असं कौतुकाने सांगितलं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. पंधरा-वीस जणांचा घोळका असता तर मागे मागे राहता आलं असतं. न आवडलेला तुकडा कागदी रुमालात गुंडाळून खिशात टाकता आला असता. खासगी म्हटल्यावर ती सोय संपली. आम्ही दोघं, आणि आमच्याकडे तोंड करून उलट्या पावली चालणारी आमची गाइड, एक हसरी, संशोधन करणारी मुलगी. तिला तिथल्या दगडादगडाची माहिती होती आणि प्रत्येक घासाला ती आमचे चेहरे वाचत होती.

बायको अशा वेळी निर्धास्त असते. तिचा एक ठरलेला डाव आहे. चव घ्यायची, मान हलवायची आणि लगेच, ‘यात काय काय घालतात?’ असं विचारायचं. सांगणारा सांगण्यात रमतो, चव बाजूला राहते. मला हे जमत नाही. माझा चेहरा माझ्या आधी बोलतो.

सुरुवात हाय स्ट्रीटवर, कॉफीने झाली. इंग्लंडमधलं पहिलं कॉफीगृह याच रस्त्यावर १६५० च्या सुमारास जेकब नावाच्या ज्यू माणसाने काढलं, अशी नोंद अँथनी वुड या त्या काळच्या गावकऱ्याने करून ठेवली आहे. पलीकडे ‘१६५४ पासून’ असं सांगणारं आणखी एक कॉफीगृह आजही चालू आहे. पहिलं कोण आणि सर्वांत जुनं कोण, यावर दोन्हीकडून बरंच बोललं जातं. इतक्या इतिहासानंतर कप समोर आला की कॉफी बेताची आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. साडेतीनशे वर्षं नावं ठेवल्यासारखं होतं. मी ‘व्वा’ म्हणालो. मराठीत म्हणालो, पण पोचलं.

तिथून जवळच क्वीन्स कॉलेज. तिथल्या रानडुकराची आख्यायिका गाइड मुलीने फार रंगवून सांगितली. एक विद्यार्थी शॉटओव्हरच्या जंगलात ॲरिस्टॉटल वाचत चालला होता. रानडुक्कर अंगावर आलं, तेव्हा याने हातातलं पुस्तकच त्याच्या घशात कोंबलं. ॲरिस्टॉटल न पचून डुक्कर मेलं. त्याची आठवण म्हणून डिसेंबरात तिथे डुकराचं मुंडकं वाजतगाजत जेवणघरात आणतात. ॲरिस्टॉटल कोणालाच पचत नाही हे त्या डुकराने सिद्ध केलं, एवढीच माझी प्रतिक्रिया. जेवणघर मात्र आम्हाला बाहेरूनच. या गावात खरी पंगत नेहमी भिंतीपलीकडे असते आणि दारात पोर्टर, म्हणजे दरवान, असतो. आत लांबलचक लाकडी टेबलं, भिंतींवर मेलेल्या प्राचार्यांची तैलचित्रं, आणि गाउन घातलेली पोरं. पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले बॉब हॉक १९५० च्या दशकात इथल्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असताना अडीच पाइंट बिअर ११ सेकंदांत प्यायले आणि विक्रमवीर झाले. जेवायला गाउन न घालता आल्याचा तो दंड होता, असं ते सांगत. दंड म्हणून बिअर! आमच्या वसतिगृहात दंड म्हणून मोरी घासायला लावत.

मग ती हाय स्ट्रीटवरच एका दगडी इमारतीपाशी थांबली. खांद्यावरच्या पिशवीतून बाटली काढली, टोस्टचे तुकडे काढले, आणि बारीक पाऊस पडत असताना फूटपाथवर उभ्या उभ्या आमच्या हातावर ऑक्सफर्ड मार्मलेड, म्हणजे संत्र्यांचा मुरंबा, ठेवलं. १८७४ साली सारा जेन कूपर नावाच्या बाईने घरच्या पद्धतीने जास्तीचं मार्मलेड केलं. तिचा नवरा फ्रँक कूपर याचं इथे किराणा दुकान होतं. त्याने उरलेलं विकायला ठेवलं आणि बघता बघता कारखाना निघाला. बाटलीवर नाव नवऱ्याचं, हे सांगायला नकोच. कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेतही याचा डबा होता म्हणे.

मी तुकडा निरखून पाहिला. रंग जवळजवळ काळा म्हणावा इतका गर्द तपकिरी. त्यात संत्र्याच्या सालीचे जाडजूड काप, कडेला पांढरा थर अजून दिसणारे. स्पेनमधल्या सेव्हिलची कडू संत्री हिवाळ्यात येतात, त्यांचंच हे करायचं असतं. आधी साखर लागते, मग आंबट, आणि सगळं संपलं असं वाटतं तेव्हा जिभेच्या मुळाशी कडू येतं आणि बसून राहतं. मुलीच्या भुवया वर गेल्या होत्या.

आणि मला आत्या दिसली.

आत्याचं सगळं करणंसवरणं अचूक असे. मे महिन्यात कैऱ्या यायच्या. ती साखरांबा करायला बसली की आम्हा पोरांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नसे. कैरीच्या फोडी, लवंग, वेलची, आणि पाक. पाकाशी तिचं काही खासगी बोलणं चालायचं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात थेंब धरायचा, बोटं हळूच दूर करायची, तार उजेडात धरायची, मान हलवायची, पुन्हा झारा फिरवायचा. निवल्यावर पहिली वाटी आतोबांना. ते झोपाळ्यावर बसलेले, आत्या चौकटीला टेकून पदराला हात पुसत उभी. आम्ही जिन्यात. ‘कसा झालाय?’

आतोबा शाळेत गणित शिकवायचे. चुकलं असेल तिथे चूक म्हणायची त्यांना सवय होती. त्यांनी फोड तोंडात टाकली, दाढेखाली घेतली, थोडा वेळ गेला आणि ते म्हणाले, ‘पाक जरा पुढे गेलाय.’

एवढंच. सात्त्विक, खरं, आणि पूर्णपणे अनावश्यक वाक्य. आत्याने वाटी उचलली. त्यानंतर घरात जेवण वेळेवर होत राहिलं, पोळ्या मऊच होत राहिल्या, पण आतोबांना जे काही सांगायचं ते आमच्यामार्फत जाऊ लागलं. ‘तुझ्या आतोबांना विचार, दूध हवंय का.’ आतोबा हातभर अंतरावर. तो साखरांबा खरोखरच घट्ट होता. चमचा बरणीत उभा राहायचा. आम्ही सगळ्यांनी तो ‘मस्त, मस्त’ म्हणत खाल्ला. आतोबाही नंतर रोज मागून घेऊन खायचे, पण ते अपील कोणी दाखल करून घेतलं नाही.

‘लव्हली,’ मी मुलीला म्हणालो. ती खूश झाली आणि तिने मला आणखी एक तुकडा दिला. असंच होतं.

तो दुसरा तुकडा चघळता चघळता मला कॉर्नेलिया सोराबजी आठवली. जन्म नाशिकचा, शिक्षण डेक्कन कॉलेजात, आणि १८८९ मध्ये कायदा शिकायला इथल्या, तेव्हा मुलींसाठीच असलेल्या सॉमरव्हिलमध्ये. १८९२ मध्ये तिने परीक्षा दिली. पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं, कारण १९२० पर्यंत हे विद्यापीठ बायकांना पदव्याच देत नव्हतं. कायद्याचं सगळे सांगतात. मी विचार करत होतो तो तिच्या पहिल्या नाश्त्याचा. साडी नेसलेली एकटीच मुलगी, समोर टोस्ट आणि हेच कडू मार्मलेड, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या नजरा तिच्या तोंडाकडे. तिने काय केलं असेल? लव्हलीच म्हणाली असेल. किंवा नसेलही, बाई वकील होती.

मंडई मात्र मला मनापासून आवडली. रस्त्यांवरची घाण आणि गर्दी करणारी दुकानं हटवायची म्हणून १७७४ मध्ये ही छप्पर घातलेली मंडई उभी केली, आणि सुरुवातीला त्यात मुख्यतः खाटीकच होते. आता टोप्या, फुलं, केक, बिस्किटं, सगळं आहे. मांसाची दुकानं अजून आहेत. ऑक्सफर्ड सॉसेज म्हणजे डुकराचं आणि वासराचं मांस, लिंबाची साल, सेज वगैरे घालून केलेला, पारंपरिक पद्धतीत आवरण नसलेला प्रकार. आम्हा दोघांनाही तो वर्ज्य. मुलगी जरा हिरमुसली. आम्ही जे खाणार नव्हतो त्याचा इतिहास तिने तरीही पूर्ण सांगितला, आणि खरं सांगतो, त्या दुपारचं ते माझं सर्वांत निवांत ऐकणं होतं. घास नाही, भुवया नाहीत. इतिहास असाच उपाशीपोटी ऐकावा.

बदली म्हणून निळ्या शिरांचं चीज आलं. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. बायकोने ‘हे किती दिवस मुरवतात?’ असं विचारलं आणि सुटली.

शेवटचा थांबा कारफॅक्स, म्हणजे गावातला मुख्य चौक. इथे खायला काही नव्हतं. एका बँकेच्या भिंतीवर एक पाटी आहे. तिथे पूर्वी स्विंडलस्टॉक नावाचा गुत्ता होता. १० फेब्रुवारी १३५५, संत स्कोलास्टिकाचा दिवस. वॉल्टर स्प्रिंगहाउस आणि रॉजर द चेस्टरफील्ड हे दोघे विद्यापीठातले लोक तिथे दारू प्यायला बसले. दारू वाईट निघाली. त्यांनी तसं गुत्तेदार जॉन क्रॉयडनला सांगितलं. त्याने उद्धट उत्तर दिलं. यांनी भांडं उचललं आणि दारूसकट त्याच्या डोक्यात घातलं.

गावाने सेंट मार्टिनच्या चर्चची घंटा वाजवली, विद्यापीठाने सेंट मेरीची. आसपासच्या खेड्यांतून माणसं धनुष्यं घेऊन आली. तीन दिवस मारामाऱ्या चालल्या. विद्यापीठाकडचे ६३ मेले असं मानतात, गावातले तीसेक. राजाने विद्यापीठाची बाजू घेतली. गावातल्या पावाचं, एल नावाच्या बिअरचं आणि दारूचं वजनमाप आणि भाव यांवर देखरेख करायचा अधिकार विद्यापीठाला मिळाला. म्हणजे ज्यावरून भांडण पेटलं, ते दुकानच एका पक्षाच्या ताब्यात गेलं. शिवाय दरवर्षी त्या दिवशी महापौराने गावकऱ्यांना घेऊन सेंट मेरीच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जायचं आणि माणशी एक अशा ६३ पेनी विद्यापीठाला द्यायच्या. हे १८२५ पर्यंत चाललं. त्या वर्षीच्या महापौराने नाही म्हटलं आणि थांबलं. समेट रीतसर झाला तो १९५५ मध्ये, सहाशे वर्षांनी. महापौरांना मानद पदवी आणि कुलगुरूंना गावाचं मानद नागरिकत्व.

हसावं की काय करावं ते कळेना. चौकात बस थांबत होत्या, शाळेची पोरं चिप्स खात होती. त्रेसष्टचा हिशेब मी मनात पुन्हा केला. तो सगळा विद्यापीठाच्या मेलेल्यांचा होता. गावातल्या तीसेकांत पाववाले असतील, खाटीक असतील, घंटा ऐकून नुसते बघायला आलेले असतील. त्यांच्यासाठी साडेचारशेहून अधिक वर्षांत कोणी कोणाला एक पेनीही दिली नाही.

‘आणखी काही प्रश्न?’ मुलीने विचारलं.

बायकोला एकच प्रश्न होता, इथे जवळपास स्वच्छतागृह कुठे आहे. ते तिने अगदी नीट सांगितलं.